मावशीआजींची महिरप : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

सासूबाईंच्या मिरजेच्या मावशी, म्हणजे आमच्या घरच्या मावशीआजी. त्यांनी केलेली क्रोशाची महिरप आज अखेर हातात पडली. तीन वर्षं मागत होते. डांबराच्या गोळ्यांचा वास, मऊ झालेल्या जुन्या धोतराचं फडकं आणि त्यात ही. जेवणाच्या ताटाभोवती मांडायची अर्धगोल महिरप. एके काळी पांढरी असणार, आता दुधावरच्या सायीसारखी. सासूबाई म्हणतात १९७४ सालची, त्यांच्या लग्नातली.

लिहिलेलं काही नाही. मावशीआजी बघून करायच्या आणि बघून शिकवायच्या. ज्या समोर बसून शिकल्या त्यांना येतं, आणि त्यातल्या आता कोणी उरल्या नाहीत.

आजची मापं: आतला काठ ५० सेंमीच्या किंचित पुढे, म्हणजे त्रिज्या १६ सेंमी. बारा इंची ताट आत बसून बोटभर जागा राहते. एकूण ११ ओळी. त्यातल्या ९ अंगाच्या, शेवटच्या दोन झालरीच्या.

ठरवलं असं: हिच्यावरून नमुना तयार करायचा, पूर्ण मराठीत लिहायचा, आणि गौरींच्या आधी बायकांच्या हातात द्यायचा. गौरी ३१ ऑगस्टला येतात. करून बघणाऱ्यांना तीन आठवडे तरी हवेत. म्हणजे कच्चा मसुदा २५ जुलैपर्यंत. मागच्या वेळी असं ठरवलेलं तोरण दिवाळीऐवजी संक्रांतीला पुरं झालं होतं, ते इथे लिहून ठेवते.

१७ जून, मंगळवार

भिंग, टाचण्या, आलेखाचा कागद. दर दहा खांबांवर (खांब म्हणजे क्रोशाचा उभा, उंच टाका) एक टाचणी टोचत गेले.

पहिली ओळ २१७ खांब. नक्षी १२ घरांची (घर म्हणजे एका टाक्याची जागा): सहा खांब भरीव, मग तीन जाळ्या (एक साखळी, एक खांब, असं तीनदा). अठरा वेळा बारा म्हणजे २१६, आणि कडेचा एक. सुरेख हिशेब.

पाचवी ओळ २१७.

नववी ओळ २१७.

इथे थांबले. चहा केला. परत मोजलं. तेच.

हे होऊच शकत नाही. गोल किंवा अर्धगोल सपाट राहायचा तर बाहेरच्या प्रत्येक ओळीत घरं वाढवावीच लागतात. पहिल्या दिवशी शिकवतात ते: पूर्ण गोलाला मुक्या खांबाच्या, म्हणजे बुटक्या टाक्याच्या, ओळीत सहा वाढवा, अर्ध्या खांबाच्या ओळीत आठ, खांबाच्या ओळीत बारा. हे आकडे कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. एक ओळ चढली की त्रिज्या टाक्याच्या उंचीने वाढते आणि घेर त्याच्या सव्वासहा पट. मुका खांब जेवढा रुंद साधारण तेवढाच उंच, म्हणून सहा. खांब रुंदीच्या दुप्पट उंच, म्हणून बारा. वाढ कमी पडली की त्याची वाटी होते, जास्त झाली की झालर.

अर्धगोलाला बाराच्या निम्मे. म्हणजे मावशीआजींच्या नवव्या ओळीत जवळजवळ पन्नास खांब जास्त हवे होते. एकही जास्त नाही, आणि महिरप टेबलावर पापडासारखी सपाट पडली आहे.

२१ जून, शनिवार

पालख्या कालपासून पुण्यात आहेत, शहरात शिरायची सोय नाही. दोरा उद्या-परवा पालख्या पुढे गेल्यावर. घरातल्या पिशवीत शोधलं तर २० नंबरचा अर्धा गुंडा निघाला, ४० नंबरचा एक पूर्ण, आणि गेल्या वर्षीचा अर्धवट राहिलेला मोर. मोराकडे बघितलं नाही.

नवीन शिकणाऱ्यांना हे नंबर हमखास फसवतात. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. मावशीआजींचा दोरा उलगडलेल्या टोकाशी २० नंबरच्या शेजारी धरला. जवळजवळ तोच. पन्नास वर्षांनीही त्याला चकाकी आहे, म्हणजे मर्सराइज्ड. इंग्लंडमधल्या जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास सुताला कॉस्टिक सोड्यात बुडवून बघितलं. सूत फुगलं, बळकट झालं, रंग चांगला धरू लागलं, पण आखडलं. पुढे १८९० च्या आसपास होरेस लो यांनी तेच सूत ताणून धरून सोड्यातून काढलं आणि ही चकाकी आली. क्रोशाच्या दोऱ्याचं सगळं सौंदर्य त्या ताणून धरण्यात आहे. साधं सूत त्याच नक्षीत पिठूळ दिसतं. मी एकदा पैसे वाचवायला वापरलं होतं, तो रुमाल आता स्वयंपाकघरात गरम भांडी उतरवायला आहे.

२४ जून, मंगळवार

तुळशीबाग, मग बोहरी आळी. २० नंबर, मोतिया रंग, सहा गुंडे, सगळे एकाच लॉटचे. लॉट नंबर दुकानातच बघायचा, घरी येऊन नाही. दुकानदार काका म्हणाले, "ताई, पांढऱ्यात पांढरा, काय फरक पडतो?" पडतो. उन्हात मांडल्यावर पडतो.

२७ जून, शुक्रवार

पहिला प्रयत्न: १.२५ मिलिमीटरची सुई, २१७ खांब, वाढ शून्य. सरळ पट्टी झाली. अर्धगोलात वळवली की आतला काठ सुरकुततो आणि बाहेरचा कुंपणासारखा उभा राहतो. अपेक्षितच होतं, पण करून बघितल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही.

दुसरा प्रयत्न: दर ओळीत सहा-सात खांब वाढवत गेले. सपाट बसली, माप जुळलं. आणि दिसायला भिकार. कारण मूळ महिरपीत भरीव पट्टे आतून बाहेर सूर्यकिरणांसारखे सरळ जातात. मध्येच कुठे एका खांबात दोन खांब घातले की पट्टा तिथे फुगतो, जाळी सरकते, किरण वाकतो. वाढ जाळीत लपवून बघितली, मग जाळ्या मोठ्या-छोट्या दिसायला लागल्या. चार ओळी उसवल्या.

तिसरा प्रयत्न रागात केला. हात वाढवत गेला, मोजलं नाही, आणि कोबीच्या पानासारखी झालर तयार झाली. ती मात्र उसवली नाही. डायना टायमिना या लात्वियन गणितीने कॉर्नेल विद्यापीठात १९९७ साली हेच जाणूनबुजून केलं होतं. ठराविक टाक्यांमागे एक टाका वाढवायचा, ओळीमागून ओळी तेच प्रमाण, की हायपरबोलिक, म्हणजे खोगिरासारखा सगळीकडे दोन उलट दिशांना वाकणारा, पृष्ठभाग हातात येतो. त्याआधी वर्गात कागदाची मॉडेलं वापरायचे, ती फाटायची. क्रोशाचं मॉडेल चुरगळा, घडी घाला, शाबूत राहतं. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी त्याच सूत्रावर २००५ पासून क्रोशाची प्रवाळबेटं उभी केली. मला त्या शोधाची गंमत वाटते ती अशी की जगभरच्या आज्या बाळांच्या टोपड्यांना तसल्याच झालरी लावत होत्या. भाचीला दिली झालर. तिने तिची बाहुलीला शाल केली.

मूळ प्रश्न जिथल्या तिथे.

२ जुलै, बुधवार

सापडलं. रात्रीचे सव्वाबारा.

पाऊस होता, लाइट गेले होते. महिरप मोबाइलच्या उजेडात कापडावर तिरपी धरली होती, भोकं बघायला. आणि सावलीत जाळ्यांची भोकं दिसली. आतल्या तीन ओळींत बारीक, मधल्या तीन ओळींत जरा मोठी, बाहेरच्या तीनमध्ये आणखी मोठी. सावकाश वाढत गेलेली नाहीत. पायरीने वाढली आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये पायरी, सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये पायरी.

पट्टी घेऊन चाळीस खांबांची रुंदी मोजली. आतला पट्टा ९.३ सेंमी. मधला १०.१. बाहेरचा १०.९.

मावशीआजींनी खांब वाढवलेच नाहीत. सुई बदलली. तीन ओळी बारीक सुईने, तीन मधल्या सुईने, तीन जाड सुईने. घरं तेवढीच, घर मोठं.

हिशेब केला, झोप उडालीच होती. पहिल्या तीन ओळींची मधली त्रिज्या पावणेसतरा सेंमी, पुढच्या तिघींची सव्वाअठरा, शेवटच्या तिघींची पावणेवीस. एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाताना घेर ९ टक्क्यांनी वाढायला हवा, मग ८ टक्क्यांनी. मोजलेल्या आकड्यांत वाढ आहे सुमारे साडेआठ आणि आठ टक्के. उरलेली फट खळ आणि इस्त्री पोटात घालते.

घागऱ्याला, केपला सुई बदलून घेर द्यायची युक्ती मला माहीत होती, मी वापरलीही आहे. पण लोकरीत, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या सुयांवर. २० नंबरच्या दोऱ्यात कुणी हे करेल असं डोक्यात आलंच नाही. पंधरा दिवस मी खांब मोजत बसले. खांब मोजता येतात म्हणून खांब मोजत बसले.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी सासूबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या दाणे कुटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हो, मावशी मध्येच सुई बदलायची. आम्हाला वाटायचं, पहिली सापडत नाही म्हणून हाताला येईल ती घेते."

मी म्हटलं, "आई, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस का? तू मोजत होतीस."

मग बरंच निघालं. मावशीआजींच्या सुयांपैकी एक छत्रीच्या काडीची होती, त्यांच्या यजमानांनी कानसीने घासून टोक काढून दिलेली. जाड ती तीच असणार. तिन्ही सुया पावडरच्या डब्यात असायच्या. डबा कुठे गेला कुणाला ठाऊक नाही, मिरजेचं घर विकून वीस वर्षं झाली.

उपासामुळे साबुदाणा भिजलेलाच होता, तेव्हा नमुन्याच्या तुकड्यासाठी खळही आजच केली. एक चमचा साबुदाणा वाटीभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, मलमलच्या फडक्यातून गाळायचा, कोमट असताना वीण बुडवून दाबून काढायची. पिळायची नाही. तांदळाच्या पेजेपेक्षा ही खळ चांगली, पांढरा थर धरत नाही. साखरेच्या पाकात बुडवणाऱ्या बायकाही मी बघितल्या आहेत. कडक होतं खरं, पण मुंग्यांना आमंत्रण. एकदा प्रदर्शनात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या टोपलीभोवती मुंग्यांनी रीतसर रांग लावली होती.

तुकडा थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून लावला.

८ जुलै, मंगळवार

दोन दिवस ऊन नाही. तुकडा वाळला नाही, टाचण्या गंजल्या. मोतिया रंगावर अकरा तांबूस ठिपके, एकाला एक समान अंतरावर, एखाद्याला नक्षीच वाटावी. लिंबू-मीठ चोळून आठ गेले. तीन राहिले.

स्टीलच्या टाचण्या होत्या घरात. कपाटात, डबीत, "चांगल्या कामासाठी" असं लिहिलेल्या.

१२ जुलै, शनिवार

पूर्ण महिरप तयार. सुया १.००, १.२५, १.५०. अंगाच्या नऊ ओळी जशाच्या तशा. झालर: दहाव्या ओळीत जाळीच्या मधल्या घरात सात खांबांचा पंखा, भरीव पट्ट्याच्या मध्यावर मुका खांब, असे अठरा पंखे. अकराव्या ओळीत पंख्याच्या प्रत्येक खांबावर पिको, म्हणजे साखळ्यांचा छोटा टोकदार फास. साडीला फॉल-पिको करून देतात त्यातला 'पिको' शब्द तोच, फ्रेंचांकडून आला आणि आपल्याकडे टेलरच्या पाटीवर स्थिरावला.

मांडली. किरण सरळ. मी पाच मिनिटं नुसती बघत उभी होते, दूध उतू गेलं.

वेळ: एकूण २६ तास. नऊ ओळींना १९, झालरीला ५, खळ-टाचण्या-इस्त्रीला २. दोरा अडीच गुंडे.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. छान छान म्हणाल्या, मग किंमत विचारली. मी विकायची नाही म्हटलं, तरी विचारलीच. तासाला साठ रुपये धरले तरी मजुरीच १५६० होते, असं सांगितलं. "अगंबाई! बाजारात अडीचशेला मिळते, मशीनची." अडीचशेला मिळते ती मण्यांची किंवा प्लॅस्टिकच्या लेसची, आणि काकूंना ते कळतं. पण मशीनची हे मला दर वेळी टोचतं. हाताच्या सुईने एक फास दुसऱ्यातून ओढून, कुठल्याही घरात पुन्हा मागे जाऊन केलेलं हे काम बाजारासाठी करणारं यंत्र आजवर झालेलं नाही. मीटरवर मिळणाऱ्या 'क्रोशे लेस'ची वीण वेगळ्या जातीची असते, क्रोशासारखी दिसते एवढंच. दुकानात खरी क्रोशाची वस्तू दिसली, कितीही स्वस्त असली, तरी ती कुणीतरी हाताने केलेली असते. स्वस्त असेल तर त्या कुणाला तरी फार कमी मिळालेलं असतं. आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूरच्या बायका एकोणिसाव्या शतकापासून ही लेस करत आल्या आहेत, मिशनऱ्यांनी शिकवली तेव्हापासून. त्या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं २०२४ साली.

काकूंना चहा दिला. नमुना आला की करून बघते म्हणाल्या. त्यांना येतं, फक्त आळस आहे.

१८ जुलै, शुक्रवार

लिहायला बसले. हे खरं काम. वीण हाताला कळते, ती वाक्यात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात न जाता त्याच्याकडून पुरणपोळी करून घेणं.

शब्दांचा निर्णय पहिल्याच पानावर: खांब, मुका खांब, अर्धा खांब, साखळी, जाळी, पंखा, पिको. इंग्रजी नावं नाहीत. हट्ट म्हणून नव्हे. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. आपल्या आया ब्रिटिश पुस्तिकांवर शिकल्या आणि मुली अमेरिकन व्हिडिओंवर. एकाच घरात "डबल क्रोशे घाल" म्हटलं की दोघी दोन वेगळे टाके घालतात. खांब म्हटलं की दोघी खांबच घालतात. सुईवर आधी एक वेढा घ्यायचा तो खांब, न घेता नुसता दोरा ओढायचा तो मुका. हा 'मुका' शब्द ज्या बाईला पहिल्यांदा सुचला तिला माझा नमस्कार. खालच्या ओळीच्या डोक्यावर बसतो, अंग दाखवत नाही, काही बोलत नाही.

लिहिलेली ओळ ४, तिसऱ्यांदा:

"आता मधली सुई घ्या. ३ साखळ्या (हा पहिला खांब). काम उलटा. *पुढच्या ६ खांबांवर ६ खांब, मग (१ साखळी, १ घर सोडा, १ खांब) असे ३ वेळा.* फुलीपासून फुलीपर्यंत एकूण १८ वेळा. ओळीच्या शेवटी २१७ घरं. कुठेही खांब वाढवायचा नाही. वाढवावासा वाटेल. वाढवू नका."

शेवटची दोन वाक्यं काढावीत का यावर बराच विचार केला. ठेवली.

सोबत चिन्हांचा तक्ता. जपानी पुस्तकांसारखा, कमानीच्या आकारात काढलेला. अक्षर न वाचताही करता यावा असा. मी स्वतः जपानीचं एक अक्षर न कळता त्यांच्या तक्त्यांवरून तीन शाली केल्या आहेत.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. मसुदा चौघींना पाठवला: नाशिक, कोल्हापूर, बंगळुरू, न्यू जर्सी. वेळेत. या वहीच्या इतिहासात पहिल्यांदा.

३ ऑगस्ट, रविवार

उजवा अंगठा दुखतोय. बारीक सुई चिमटीत घट्ट धरायची सवय. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे विश्रांती. मी विचारलं, डाव्या हाताने केलं तर? त्यांनी उत्तर दिलं नाही.

सुईला पेन्सिलीची रबरी मूठ बसवली. आठवडाभर वीण बंद. बसमध्ये समोरच्या मुलीच्या झोळीवरचे चौकोन मोजले. चौतीस. एक उलटा जोडलाय, तिला सांगितलं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

तिघींची मापं आली. आतला काठ ५० हवा. नाशिक ५०.५, कोल्हापूर ४७, बंगळुरू ५६. न्यू जर्सी अजून दोऱ्याची वाट बघतेय.

कोल्हापूरच्या ताईंचा हात घट्ट आहे, मला माहीत होतं. त्यांनी केलेली पिशवी पाणी धरेल. ४७ मध्ये ताट बसेना तेव्हा त्यांनी छोटं ताट घेतलं आणि "छान झाली" असं कळवलं. असल्या प्रेमळ माणसांना करून बघायला देऊ नये.

बंगळुरूचं ५६ मात्र हातामुळे नाही. तिने सुयाच वेगळ्या वापरल्या. तिच्या सुयांवर मिलिमीटर नाहीत, नुसते नंबर. आणि स्टीलच्या बारीक सुयांचा नंबरही दोऱ्यासारखाच उलटा, आकडा वाढला की सुई बारीक. शिवाय अमेरिकन आणि जुने ब्रिटिश नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. तिने कुठल्याशा तक्त्यावरून बदली नंबर काढले. बिचारीने बरोबर वाचलं, तक्ता दुसऱ्या देशाचा होता.

दुपारभर यावर विचार केला. भाऊ आला होता, त्याला ओवाळलं, नारळीभात वाढला, आणि त्याच्यासमोर बसूनही सुयांचेच नंबर डोक्यात. तो म्हणाला, "तू ऐकत नाहीयेस." खरं होतं.

तोडगा: सुईचा आकडा नमुन्यात मुख्य ठेवायचाच नाही. आधी मधली सुई शोधायची. चाळीस खांबांचा तुकडा करा, १०.१ सेंमी भरला पाहिजे. कमी भरला तर सुई जाड घ्या, जास्त भरला तर बारीक. ती सापडली की तिच्याहून एक पायरी बारीक आणि एक पायरी जाड, अशा तीन. माझ्या हाताला त्या १.००, १.२५, १.५० आहेत, एवढं कंसात. मावशीआजींकडे तर छत्रीची काडी होती, तिच्यावर कुठला आकडा?

दोघींना पुन्हा करायला सांगायचं धाडस झालं नाही. पहिल्या तीन ओळीच करून पाठवा म्हटलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

माझ्या गेल्या वर्षीच्या तोरणाचा फोटो कुणीतरी विक्रीला लावलाय. माझी खिडकी, माझी तुळस, माझा पडदा, खाली त्यांची किंमत. कळवलं. उत्तर आलं, "मॅडम, डिझाइन तर कॉमन आहे." तुळसही कॉमन असेल.

१६ ऑगस्ट, शनिवार

कोल्हापूर ५०. बंगळुरू ४९.८. कोल्हापूरच्या ताईंनी मधली सुई १.५० घेतली, त्यांचा हात तसाच घट्ट, पण महिरप बसली. त्यांचा निरोप: "खांब वाढवावासा वाटेल असं लिहिलंयस तिथे मी खरंच वाढवत होते. वाचून उसवला."

ती वाक्यं राहणार.

२० ऑगस्ट, बुधवार

नमुना दिला. सहा पानं, दीडशे रुपये. पहिल्या पानावर मूळ महिरपीचा फोटो आणि खाली "मूळ वीण: मावशीआजी, मिरज". सासूबाईंनी ती ओळ चष्मा लावून वाचली, मग म्हणाल्या, "तिला कळलं असतं तर म्हणाली असती, दीडशे कशाला घेतेस, घरी ये म्हणावं शिकायला."

रात्रीपर्यंत ३१ जणींनी घेतला. एकीने विचारलं, हातात फक्त एकच सुई आहे, चालेल का. तीन ओळी मुद्दाम घट्ट, तीन नेहमीसारख्या, तीन सैल, असं करून बघा म्हणून कळवलं, पण मला स्वतःला ते जमेल असं वाटत नाही.

१ सप्टेंबर, सोमवार, गौरीपूजन

नैवेद्याच्या ताटाभोवती माझी महिरप. मूळची गौरींच्या पाटावर मागे, कुणाचा हात लागणार नाही अशी. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कटाची आमटी. आमटी वाढताना माझ्याच हातून एक थेंब चौथ्या पंख्यावर पडला. हळद. साबणाचं पाणी लावलं तर लाल झाला, तो हळदीचा गुणच आहे. उन्हात उडेल. ऊन येईल तेव्हा.

शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या त्या स्वतःची घेऊन. पाच ओळी झाल्यात, सहावी सुईवर. "ही मधली सुई की जाड?" मी हात लावून बघितलं. जाड. एक ओळ आधीच बदलली होती. तिथेच, गौरींसमोर, काकूंनी ओळ उसवली.

रात्री न्यू जर्सीहून फोटो. तिला २० नंबरचा दोरा शेवटपर्यंत मिळालाच नाही. तिने लाल लोकर घेतली, सुया साडेतीन, चार आणि साडेचार, घरं तीच २१७. ती झाली केवढी! ताटाभोवती कसली, मुखवट्यांच्या पाटाभोवती फिरवली आहे, खाली हिरवं कापड, कडेला शेवंती. तिकडे आज लेबर डेची सुट्टी, म्हणून गौरी रीतसर आजच्या आज जेवल्या. फोटो मोठा करून बघितला. किरण सरळ आहेत.

पुढच्या आवृत्तीसाठी: लोकरीची मापं तिच्याकडून मागवणे. ओळ ७ च्या आधी "सुई बदला" ठळक करणे, काकूंसाठी. पान ५ वर 'पिको'चा 'पिका' झालाय तो सुधारणे. दोरा शिल्लक साडेतीन गुंडे, मोराला पुरतो का ते बघणे.